डिस्मिस

बावतीस मेस्त्री लांब डिस्मिसचं टोक
इंजिनाच्या झाकणावर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाशी धरतो
आणि डोळे मिटून घेतो.
वागळे इस्टेटची ही गल्ली,
शेजारच्या प्रेसचा दणका, रिव्हर्स घेणारा टेम्पो,
सगळे त्याच्यापुरते बाहेर थांबतात.
“तीन नंबरचा व्हॉल्व्ह,” तो म्हणतो. “किंचित सैल.
बाकी म्हातारी ठणठणीत.”

म्हातारी म्हणजे गाडी.
मी धरून चालते, की गाडीच.

सत्त्याण्णव सालची. आरसी बुकात रंग पांढरा,
आता ताकाचा.
खारेगावात राहून पांढरं राहणार काय?
खाडीचा वारा रात्रभर पत्रा चाटतो.
दिवाळीआधी लोक भिंती रंगवतात,
मी दारांच्या कडा खालून बोटानं तपासते.
बोट आत गेलं की खडूची खूण.
मग पट्टी, वेल्डिंग, रेड ऑक्साइड, तळाला डांबर,
जिथे कुणी बघणार नाही तिथे.

एक वही आहे, विमा कंपनीची जुनी डायरी.
ऑइल. पॉइंट सेट. सायलेन्सरला टाका, चारशे.
फॅन बेल्ट, एक जास्तीचा डिकीत ठेवला.
मधली दोन वर्षं कोरी आहेत.
तेव्हा हे अंथरुणात होते
आणि गाडी फक्त सिव्हिलपर्यंत जायची, यायची.
लिहिलं काहीच नाही, पण क्लच तेव्हा झिजला,
कळव्याच्या पुलावर,
फर्स्ट सेकंड, फर्स्ट सेकंड,
मागच्या सीटवर ते विचारत, “आलं का?”

आमचे चेअरमन बेलवलकर लिफ्टमध्ये भेटतात.
“भंगारात द्या हो, नवीनवर सूट मिळते.
वर्षाला किती घालता हिच्यात?”
मी आकडा सांगते.
तो त्यांच्या दोन हप्त्यांहून कमी निघतो,
मग ते सेफ्टीवर येतात.
तिथे त्यांचं खरं आहे.
म्हणून मी साठच्या वर जात नाही
आणि ब्रेकचं काम पगाराची वाट बघत ठेवलं नाही,
पगार होता तेव्हाही.

तिसऱ्या पासिंगला चासी नंबर उठेना.
कागद ठेवून पेन्सिल घासायची असते,
पण गंजानं एक आकडा खाल्ला होता.
साहेब म्हणाले, “दिसल्याशिवाय सही नाही.”
बावतीसनं रॉकेलचा बोळा फिरवला, फुंकर घातली,
आणि मी, बासष्ट वर्षांची, आरटीओच्या मैदानात
गुडघ्यावर बसून पेन्सिल आडवी धरली,
शाळेत नाणं वहीत उतरवायचो तशी.
आधी करडं धुकं.
मग त्यातून एक आठ,
लाजत लाजत.

गेल्या वर्षापासून
मागून हाक मारली तर बावतीस वळत नाही.
नौशाद त्याच्या खांद्याला हात लावतो, मग तो बघतो.
मी विचारलं नव्हतं.
आज कार्बोरेटरचा जेट फुंकून झाल्यावर
तो आपणहून म्हणाला,
“कानानं येत नाही आता, बाई. हाडातून येतं.
गिऱ्हाइकांना नका सांगू.”
मी गिऱ्हाईक नव्हते, असा त्याचा हिशेब.

डिस्मिस त्यानं माझ्या हातात दिला.
“लावा. असा. दात आवळू नका.”
पहिल्यांदा फक्त माझीच नाडी.
मग तिच्याखाली बारीक टकटक,
कुणीतरी नखानं दार वाजवावं तशी,
घाई नसलेली.
“आली?” त्यानं ओठांनी विचारलं.
मी मान हलवली.
त्यानं पाना घेतला, पाव आटा फिरवला,
मला पुन्हा ऐकायला लावलं.
टकटक नव्हती.

वहीत नोंद: व्हॉल्व्ह सेटिंग, दोनशे.
बाकीचं कुठल्या रकान्यात लिहू, कळलं नाही.

पुलावर तिसरा गिअर नेहमीसारखा नाही म्हणाला.
मी क्लच पुन्हा दाबला,
त्याला विचार करायला वेळ दिला,
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.